आधी अर्थिंग तपासा, मग ग्राफिक कार्ड

वाचकाचं पत्र :

‘मी साताऱ्याच्या एमआयडीसीत वायरमन आहे, वय ४७. मागच्या वर्षी कामानिमित्त आठवडाभर कराडला होतो. तिथल्या विमानतळावर छोटी विमानं पाहिली आणि लहानपणची ओढ परत जागी झाली. आता घरी फ्लाइट सिम्युलेटर चालवायचा आहे. ७५ हजार रुपये जमवलेत, त्यातच सगळं बसवायचं आहे. ३२ इंची टीव्ही घरात आहे. एका दुकानदाराने ४२ हजारांचं कोटेशन दिलं : आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅटचा एसएमपीएस, दिव्यांचं कॅबिनेट, विंडोज फ्री. फोटो सोबत जोडलाय. मुलाकडे कॉलेजचा साधा लॅपटॉप आहे; तो म्हणतो, भारीतला लॅपटॉपच घ्या. मला मात्र स्वतःच्या हाताने मशीन जोडायचंय. आयुष्यभर पॅनल जोडले, पण कॉम्प्युटर कधी उघडला नाही. जमेल का? आणि विजेचं बिल किती वाढेल, असं घरून विचारणं चाललंय.’
— एक वाचक, गोडोली, सातारा

नमस्कार दादा,

जमेल. पण ते कोटेशन घेऊ नका.

फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण खरी माहिती त्यातल्या बारीक अक्षरांत आहे. प्रोसेसरपुढे ‘३७७०’ लिहिलंय. हा २०१२ सालचा प्रोसेसर. आय-सेव्हन हे नुसतं घराण्याचं नाव. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ३ ने सुरू होतो म्हणजे तिसरी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. ग्राफिक कार्ड ‘जीटी ७३०’, म्हणजे २०१४ सालचं, पडद्यावर चित्र उमटवण्यापुरतं. त्यावरचे ४ जीबी ही नुसती मेमरी. गच्चीवर मोठी टाकी बसवली म्हणून खालच्या मोटरचा एचपी वाढत नाही, तसंच हे. मायक्रोसॉफ्टने फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीसाठी जे किमान कार्ड सांगितलं होतं, त्याच्याही हे बरंच खाली आहे. रॅम १६ जीबी आहे खरी, पण डीडीआर३ जातीची; पुढे मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) बदललात तर ती नव्यावर बसणार नाही. एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, कंपनीचं नावच नाही. एवढे पैसे घालून पुढच्या वर्षी उपयोगी पडेल असं त्यात काहीच नाही, आणि तुमच्या कष्टाच्या पैशाचं असं व्हावं हे मला बघवत नाही.

खरेदीला लागण्याआधी पंधरा दिवस थांबा. मुलाच्या लॅपटॉपवर फ्लाइटगिअर टाकून घ्या. हा सिम्युलेटर पूर्ण मोफत आहे, १९९७ पासून जगभरची माणसं हौसेने तो घडवताहेत. लॅपटॉप साधा असेल तर चित्र कमीवर ठेवा, सेस्ना १७२ हे छोटं विमान निवडा आणि कोल्हापूरहून उडा. सह्याद्रीचे जे डोंगर दिसतील ते कुणी मनाने काढलेले नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने रडारने पृथ्वीची मोजणी केली, त्यातून आलेली ती उंची आहे. झाडं, घरं ओबडधोबड वाटतील, पण विमान सरळ कसं ठेवायचं, वळताना नाक का खाली जातं, उतरताना वेग का आवरत नाही, हे सगळं त्यात शिकता येतं.

या पंधरा दिवसांत स्वतःला एक गोष्ट विचारा : मला विमान चालवायला शिकायचंय की वरून आपला मुलूख बघायचाय? खरेदी त्यावर ठरते. शिकायचं असेल तर एक्स-प्लेन १२ उत्तम. तो पंखाचे लहान लहान तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती, हे सेकंदाला कित्येकदा मोजतो. त्याची चाचणी आवृत्ती मोफत मिळते, लिनक्सवरही तो चालतो. मुलूख बघायचा असेल तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. तो उपग्रहाची छायाचित्रं इंटरनेटवरून ओढत जमीन उभी करतो. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीला कंपनी किमान १६ जीबी रॅम आणि १० एमबीपीएसचं इंटरनेट मागते. शिफारस मात्र ३२ जीबी आणि ५० एमबीपीएसची आहे. घरी फायबर नसेल तर आधी त्याची चौकशी करा. पीसी गेम पासच्या मासिक वर्गणीतही हा सिम्युलेटर मिळतो, त्यामुळे विकत घेण्याआधी महिनाभर चालवून बघता येतो.

आता मशीनकडे येऊ. सिम्युलेटर इतर गेमसारखा नसतो. वारा, वेग, पंखावरचा जोर, इंजिन, समोरची घड्याळं या हिशेबाचा मोठा भाग एकामागून एकच करावा लागतो. आधी जोर निघाला तरच विमानाची पुढची जागा निघते. तुमच्या भाषेत सांगायचं तर हाताखाली सोळा हेल्पर असले तरी मेन बोर्डात एका वेळी एकाच माणसाचा हात जातो. म्हणून पुष्कळ कोअर (म्हणजे प्रोसेसरच्या आतले हिशेब करणारे हात) असलेल्या प्रोसेसरपेक्षा ज्याचा एकेक कोअर चपळ आहे तो घ्यावा. दुसरी गोष्ट कॅशची. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी अंगाशी असलेली मेमरी. पक्कड कंबरेच्या पट्ट्यात असली तर काम झरझर होतं. दर वेळी शिडी उतरून पिशवीतून काढायची म्हटलं तर अर्धा दिवस जातो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० वर ३२ एमबी कॅश आहे, आणि मदरबोर्डावरच्या त्याच सॉकेटवर, म्हणजे त्याच बैठकीवर, बसणाऱ्या रायझन ७ ५८००एक्स३डी वर ९६. सिम्युलेटरवाले या दुसऱ्याच्या मागे का लागतात, ते यावरून कळेल.

तुमच्या पैशात मी ५६०० च घेईन. सहा कोअर, ६५ वॅट, डब्यात पंखा येतो. सोबत बी५५० चा मदरबोर्ड. या एएम४ सॉकेटचे दिवस सरत आलेत हे खरं आहे, पण पुढे कधी चांगल्या स्थितीतला एक्स३डी हाती लागला तर तो याच बोर्डावर बसवता येईल. इंटेलच घ्यायचा असेल तर आय-फाइव्ह १२४००एफ याच्याच तोलाचा आहे. दुकानात एक सांभाळा : ‘५६००’ मागितल्यावर ‘५६००जी’ पुढे करतात. त्याची कॅश निम्मी आहे, तो तुमच्या कामाचा नाही.

पैशाची वाटणी मी अशी करेन. भाव रोज हलतात, त्यामुळे या माझ्या वरच्या मर्यादा समजा. ग्राफिक कार्डाला २०, प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून १८, रॅम आणि एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) मिळून १२, एसएमपीएस आणि कॅबिनेटला ७, यूपीएसला ५, जॉयस्टिकला ४. राहिले ९ हजार. ते विंडोजचा परवाना, कीबोर्ड-माउस आणि सिम्युलेटरचे. ‘विंडोज फ्री’ म्हणजे बहुतेक वेळा चोरीची प्रत असते, ती नको. रॅमचा भाव चढा असेल तर ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, ३२ चं पुढे बघू. पण पट्ट्या दोनच हव्यात. एकच मोठी घेतली तर प्रोसेसरकडे जाणारी वाट निम्म्याने अरुंद होते. एवढं करूनही बसत नसेल तर ग्राफिक कार्डातून कापा. एसएमपीएस आणि यूपीएसला हात लावू नका.

ग्राफिक कार्डात आरएक्स ६६०० बघा. ८ जीबी मेमरी आणि १३२ वॅटची भूक. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या आवृत्तीसाठी सांगितलेल्या किमान कार्डाच्या, म्हणजे आरएक्स ५७०० च्या, साधारण बरोबरीचं आहे. फुल एचडी पडद्याला पुरतं. फोर-के च्या नादी लागू नका. त्यात चारपट ठिपके रंगवावे लागतात. टीव्ही ‘एचडी रेडी’ असेल तर घड्याळांवरचे आकडे पुसट दिसतील, तरी पहिले सहा महिने तोच वापरा. त्याच्या सेटिंगमधला गेम मोड तेवढा चालू करा, नाहीतर हात हलवल्यानंतर चित्र उशिरा हलतं. वापरलेली कार्डं स्वस्त मिळतात, पण पहिल्याच मशीनला वॉरंटीचं नवं कार्ड घ्या. बिघाड कार्डात आहे की आपल्या जोडणीत, हे नवख्याला ओळखता येत नाही.

आता ज्या विषयात तुम्ही माझ्यापेक्षा जाणते आहात, तिथे थोडा थांबतो. माझ्या पहिल्या मशीनला मी असाच बिननावाचा एसएमपीएस लावला होता. मे महिन्यातल्या एका वादळात वीज गेली आणि आली, त्या झटक्यात तो जळाला. जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन गेला. त्या डिस्कवर माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो होते, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. तेव्हापासून कुणीही मशीनबद्दल विचारलं की मी आधी एसएमपीएसचं नाव विचारतो. माहितीतल्या कंपनीचा, ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्का (वीज कमी वाया जाते याची खूण) असलेला घ्या.

त्याहीआधी घरच्या प्लगवर मीटर लावा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात भार चालू असताना दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर ते आधी दुरुस्त करा. पुष्कळ जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि अर्थची वायर आत नुसती लोंबत असते, हे मी तुम्हाला काय सांगणार! अशा घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि लोक कॉम्प्युटरवाल्याला दोष देतात.

यूपीएस दुकानदार ६०० व्हीएचा देईल. त्यावर साधारण ३६० वॅटच मिळतात. तुमचं मशीन पूर्ण भारावर ३०० च्या आसपास जाईल, वर टीव्ही आणि राउटर. म्हणजे तो अगदी काठावर आला. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. राउटरही यूपीएसवरच ठेवा, नाहीतर वीज जाताच खालची जमीन येणं थांबेल. बिलाचं म्हणाल तर ३०० वॅट, रोज दोन तास, महिना तीस दिवस : १८ युनिट. घरी हा आकडा सांगा.

जॉयस्टिक पहिल्या दिवसापासून हवी. माउसने विमान चालवणारा माणूस महिनाभरात कंटाळतो, हे मी अनेकदा पाहिलंय. दांडा पिळून रडर (विमानाच्या शेपटीवरची उभी फळी) चालवता येतो आणि बुडाशी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची, पट्टी आहे अशी घ्या. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो तशी आहे. योक (विमानाचं स्टिअरिंग) आणि पायातले पेडल यांची घाई नको. डोकं वळवलं की कॉकपिटात नजर वळावी यासाठी महागडी उपकरणं मिळतात, पण ओपनट्रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरही ते काम करतं.

खरेदी साताऱ्यात करा किंवा पुण्यात. तपकीर गल्ली तुम्हाला वायरिंगच्या मालासाठी माहीत असेलच. मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोड. कुठूनही घ्या, पण प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर जीएसटीच्या बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे ना, ते विचारा. ऑनलाइन घेतलंत तर डबा उघडताना मोबाइलवर चित्रण करा. शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी साताऱ्याचा दुकानदार सोडू नका. बिघाड झाला की पुण्याच्या फेरीत तेवढे सहज जातात.

लॅपटॉपबद्दल मुलाला सांगा : त्याच पैशात त्यातलं कार्ड कमी ताकदीचं येतं, उन्हाळ्यात तापून वेग उतरतो, आणि पुढे कार्ड बदलता येत नाही. उडणं एवढंच हवं असतं तर मी एक्सबॉक्स सिरीज एस सुचवला असता. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर त्यावर चालतो आणि खर्च बराच कमी. पण तुम्हाला जोडायचंय, आणि ती इच्छा मला पूर्ण पटते.

जोडणी रविवारी सकाळी उजेडात करा. तुमच्या पॅनलपेक्षा ती सोपी आहे. इथे जवळजवळ प्रत्येक खाच एकाच बाजूने बसते. मदरबोर्ड त्याच्याच डब्यावर ठेवा. हात आधी अर्थ असलेल्या धातूला लावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. दोन्ही जुळवा, तरफ उचला आणि प्रोसेसर नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने बसतो. जराही दाबावं लागलं तर थांबा, कारण या जातीत पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वाकल्या की गेल्या. डब्यातल्या पंख्याला पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नका. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवण्याआधी खालचे पितळी खुंट मोजा. बोर्डाला भोक नाही तिथे खुंट राहिला तर मागच्या बाजूने शॉर्ट होतो. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि ग्राफिक कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला भावंडं आहेत, पण आतली जोडणी उलटी आहे. त्यावर लिहिलेलं वाचूनच लावा. दुसऱ्या एसएमपीएसची वायर या एसएमपीएसला कधीही लावू नका, खाच बसली तरी. टीव्हीची वायर ग्राफिक कार्डात लावायची, मदरबोर्डात नाही. ५६०० ला स्वतःचं चित्र नसतं. पहिल्या दिवशी ‘काहीच दिसत नाही’ म्हणून घाबरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची चूक एवढीच निघते.

मशीन सुरू झालं की बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू करा, नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. सिम्युलेटरमध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला उमटणारी चित्रं, ३० वर बांधून टाका. गोळीबाराच्या गेमला ६० लागतात. सेस्नाला स्थिर ३० पुरतात, आणि मध्येच २२ वर कोसळणाऱ्या ५० पेक्षा ते डोळ्याला कितीतरी बरे. चित्र अडखळायला लागलं तर आधी जमिनीच्या तपशिलाची पट्टी, म्हणजे टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, खाली आणा. तो भार प्रोसेसरवर असतो. ढगांचा भार कार्डावर.

मग पहिलं उड्डाण. कोल्हापूरच्या २५ क्रमांकाच्या धावपट्टीवरून सुटा आणि उजवीकडे वळत महामार्ग पकडा. विमानतळच साधारण २,००० फुटांवर आहे. ६,५०० पर्यंत चढा. पंचगंगा, मग वारणा ओलांडाल. कराडला कोयना येऊन कृष्णेला मिळते तो प्रीतिसंगम खाली शोधा; नकाशा न बघता जागा ओळखायचा तो पहिला सराव. पुढे उंब्रज, आणि साधारण ३५ मिनिटांत डाव्या हाताला अजिंक्यतारा, सुमारे ३,३०० फूट. तटबंदी दिसेल अशी आशा ठेवू नका, डोंगर मात्र ओळखाल. गोडोलीवर एक गिरकी घ्या. साताऱ्यात उतरायला धावपट्टी नाही, म्हणून परत फिरा आणि तुमच्या सिम्युलेटरमध्ये कराडची धावपट्टी असेल तर तिथेच उतरा. ती कोल्हापूरपेक्षा आखूड आहे. वेग आधीच आटोक्यात आणा. शेवटच्या टप्प्यात फ्लॅप (पंखाच्या मागच्या, खाली उतरणाऱ्या फळ्या) खाली सोडून वेग साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर.